तिरपी : एका देवनागरी इटॅलिकच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

उभ्या फॉन्टचं काम दिवाळीआधी संपलं. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्या, हलक्यापासून ठळकपर्यंत. आज तिरप्याची फाइल उघडली. तिचं नाव सध्या नुसतं ‘तिरपी’.

स्टुडिओत आम्ही तिघं. देवनागरी माझ्याकडे, रोमन एका सहकाऱ्याकडे. जोडाक्षरांचे नियम, अँकर, फाइली बांधणं हे सगळं तिसऱ्याकडे. नोंदी आमच्यासाठीच ठेवतेय, पण असंच काम करणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर आनंदच आहे.

देवनागरीला इटॅलिक कशाला हवं, असं जो तो विचारतो. कोल्हापुरातल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात जाऊन बसलं की उत्तर मिळतं. लग्नपत्रिकेतला ‘आपले नम्र’, संस्थेच्या अहवालातलं ब्रीदवाक्य, फ्लेक्सवरचं ‘शुभेच्छुक’, सगळं तिरपं. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल हा फॉन्ट विंडोजसोबत घरोघरी गेला, त्याला इटॅलिक नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता मुक्त परवान्यामुळे आज सगळीकडे दिसतो, त्यालाही नाही. तरी वर्डमध्ये तिरप्या आयचं बटण दाबलं की अक्षरं कलतात. संगणक उभं अक्षर घेतो आणि एका गणितानं उजवीकडे ढकलतो. म्हणजे तिरपी देवनागरी लोक रोज वापरतात, फक्त ती कुणी बसून काढलेली नसते. ते काढायचं काम आता हातात घेतलंय.

९ नोव्हेंबर

सुरुवात त्या ढकललेल्या अक्षरापासूनच केली. आपल्याच उभ्या फॉन्टला ९ अंश कल देऊन मोठे प्रूफ काढले आणि टेबलावर पसरले. नेमकं काय बिघडतं ते आधी बघायचं.

उभी रेघ फारशी बिघडत नाही. ९० एककांचा (एकक म्हणजे फॉन्ट आखायचं बारीक माप) काना ८९ होतो, डोळ्याला कळतही नाही. आडवी शिरोरेषा तर जशीच्या तशी राहते. खरा घोळ तिरक्या रेघांत आहे. ४५ अंशांत जाणारी ९० एककांची रेघ घ्या. ती वर उजवीकडून खाली डावीकडे येत असेल तर कल दिल्यावर ८३ होते. उलट दिशेची, म्हणजे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी असेल तर ९७. एकाच अक्षरात दोन जाड्या, त्याही न मागता आलेल्या.

रोमनमध्येही हे होतं, पण देवनागरीला जास्त लागतं. आपला बोरू रोमन लेखणीच्या उलट्या अंगानं छाटलेला असतो. त्यामुळे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ ही आपली जाड रेघ, आणि उलट दिशेची बारीक. यंत्राचा कल नेमकी जाड रेघ बारीक करतो आणि बारीक रेघ जाड. सॅन्स-सेरिफमध्ये, म्हणजे रेघांच्या टोकांना पट्ट्या नसलेल्या अक्षरांत, जाड-बारीक फरक कमी ठेवलेला असतो, तरी वाचणाऱ्याच्या नजरेला लिपीचा तोल माहीत असतो. तो उलटा झाला की अक्षर परकं वाटतं. का वाटतं ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही, पण वाटतं.

‘रंकाळा’ हा शब्द मोठा करून भिंतीवर लावला. र चा पाय उजवीकडे उतरतो. कल दिल्यावर तो जवळजवळ उभा झाला आणि वर जाडही झाला, त्यामुळे र पोटात पाय दुमडून बसल्यासारखा दिसतोय. ळ च्या दोन्ही वाट्या वर उजवीकडे आणि खाली डावीकडे फुगल्यात, बाकी दोन कोपऱ्यांत सुकल्यात. गोल पोटाच्या सगळ्या अक्षरांचं हेच. ठ तर अंड्यासारखा झालाय.

१७ नोव्हेंबर

आजचा दिवस रोमनच्या बाजूचा. सहकाऱ्यानं मांडलेली गोष्ट इथं टिपून ठेवते, कारण पुढचे निर्णय त्यावर उभे राहतील.

रोमनमधलं इटॅलिक मुळात कल दिलेलं अक्षर नव्हतंच. व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसनं १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कवितांचं खिशात मावेल असं पुस्तक छापलं, तेव्हा फ्रांचेस्को ग्रिफोनं त्या काळच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून हा टाइप कोरला. अख्खं पुस्तक त्याच टाइपात. उभ्या अक्षराला जोडीदार म्हणून मजकुरात अधेमधे वापरायची पद्धत नंतरची. सॅन्स-सेरिफ टाइप तर त्याच्याही पुष्कळ नंतर आला. इंग्लंडमधल्या चौथ्या विल्यम कॅस्लनचा १८१६ चा नमुना पहिला धरतात. त्यामुळे सॅन्स-सेरिफचं इटॅलिक कसं असावं याला जुना दाखला नव्हता. १९५७ च्या हेल्व्हेटिका आणि युनिव्हर्स या दोघांनी उभंच अक्षर कलतं केलं आणि डोळ्यानं दुरुस्त केलं. एरिक गिलच्या गिल सॅन्सनं आणि पुढे १९९३ मध्ये मार्टिन मायोरच्या स्काला सॅन्सनं हाताच्या वळणाचा आधार घेतला. तिथं ए एका मजल्याचा होतो, म्हणजे वरची कमान जाऊन नुसतं पोट आणि दांडी उरते, अक्षरं जरा अरुंद होतात.

आपल्या रोमनसाठी दुसरा रस्ता ठरला. एका मजल्याचा ए, खाली उतरणारा एफ, रुंदी थोडी कमी. मग देवनागरीतही नुसता कल देऊन भागणार नाही. शेजारी शेजारी छापल्यावर एक लिहिलेलं आणि एक ढकललेलं दिसेल.

२५ नोव्हेंबर

आज गंगावेशीतल्या पेंटरमामांकडे गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रकचे फाळके, दुकानांच्या पाट्या, तालमींच्या भिंती, हयात त्यातच गेली. फ्लेक्स आल्यावर पाट्या कमी झाल्या, पण ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांची कामं हंगामाआधी अजून येतात. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर अक्षर तिरपंच हवं असतं, धावती वस्तू म्हणून.

त्यांनी पत्र्यावर खडूनं दोन आडव्या ओळी आखल्या. वरची शिरोरेषा आधी ब्रशनं ओढली. मग ‘गगनबावडा’ लिहायला घेतलं. ग चं पोट नाही काढलं. पहिल्यांदा सगळे काने, एकामागून एक, वरून खाली, एकाच कलात. ग चा, ग चा, न चा, ब चा, मग आकार, मग व चा. ड पाशी थोडं थांबले, त्याला काना नाही म्हणून मान तेवढी दाखवली आणि शेवटचा आकार ओढला. पत्र्यावर नुसतं झुकलेल्या रेघांचं कुंपण उभं राहिलं आणि शब्द अजून कुठेच नव्हता. त्यानंतर ब्रश भरून घेऊन पोटं भरली.

मी विचारलं, “मामा, पोटाला कल किती देता?”

“पोटाला कशाला देऊ? ताई, काना कलला की पोट आपसूक कलल्यागत दिसतंय. पोट ढकललं तर अक्षर पडतंय बघा.”

मग त्यांनी ठ काढून दाखवला. छोटी मान शिरोरेषेपासून कलती, आणि खाली वर्तुळ जवळजवळ गोलच, किंचित डावीकडे सरकलेलं. जिथून मान सुटते तिथून वर्तुळाचा मध्य डावीकडे, एवढ्यानंच ठ कललेला दिसतो. ढकललेला ठ समोर ठेवला तर त्यात आकार जास्त बिघडलाय आणि कल कमी जाणवतो.

चित्रपटकार बाबूराव मेस्त्रींना ज्या गावानं ‘पेंटर’ म्हणूनच ओळखलं, त्या गावात हे ज्ञान अजून हातात आहे. कुठे लिहून ठेवलेलं मात्र मला सापडलेलं नाही, म्हणून इथं इतकं लांबवलं.

२ डिसेंबर

पेंटरमामांची पद्धत फाइलमध्ये आणायचा आठवडा.

पहिला प्रश्न, अक्षर कुठल्या उंचीवरून कलवायचं? गणितानं पाहिलं तर कुठूनही कलवा, आकार तोच येतो. बदलतं ते एवढंच की अक्षर आपल्या चौकटीत किती सरकून बसतं. रोमनमध्ये रिवाज असा की छोट्या अक्षराच्या अर्ध्या उंचीवरून कलवायचं, म्हणजे अक्षर चौकटीच्या मधोमध राहतं. देवनागरीला तोच बिंदू लावला तर शिरोरेषा साठेक एककं उजवीकडे सरकते. सगळीच अक्षरं सारखी सरकत असल्यानं शब्दाच्या आत काही कळत नाही. कळतं ते ओळीच्या सुरुवातीला. उभ्या मजकुराखाली तिरप्या मजकुराची ओळ आली की तिची शिरोरेषा समासापासून आत सुरू होते. पुस्तकात हे अर्ध्या-पाऊण पॉइंटाचं काम, पण फ्लेक्सवर बोटभर.

म्हणून देवनागरीचा बिंदू शिरोरेषेवर ठेवला. शिरोरेषा जागची हलत नाही, समास सरळ राहतो, आणि काने खाली डावीकडे जातात. आपली शिरोरेषा ६४० एककांवर आहे, त्यामुळे ९ अंशांना कान्याचा पाय १०१ एककं डावीकडे येतो. उकार त्याहूनही खाली, म्हणून त्याहूनही डावीकडे. पेंटर काना ओढतो तेव्हा ब्रशही असाच वरच्या रेघेला टेकून खाली डावीकडे येतो.

दुसरं ठरलं ते क्रमाचं. आधी सगळे काने, अर्धे-पूर्ण, वेलांट्यांचे दांडे, सगळे एका कलात पक्के. त्यानंतर पोटं हातानं पुन्हा काढायची. यंत्राच्या कलाला पोटांजवळ येऊ द्यायचं नाही. काम तिप्पट होणार, पण दुसरा रस्ता मला पटत नाही.

११ डिसेंबर

कान्याशिवायची अक्षरं: ट ठ ड ढ द छ र ह ळ. या मंडळींकडे कल दाखवायला फक्त मान आहे, र कडे तीही नाही. ‘टाळ’, ‘दहा’, ‘ठरव’ असे शब्द वेगळे काढून छापले.

र साठी पाय मुद्दाम जास्त पसरवला. ढकललेल्या र मध्ये पाय उभा होतो, म्हणून आपण तो उलट उजवीकडे टाकला आणि बारीकच ठेवला. आता र चालतोय असं दिसतं. याच र चा पाय ख मध्ये व ला खालून जोडला जातो, तिथं जोड जरा लांब करावा लागला, नाहीतर ख अडखळतो. द चं शेपूट आखूड केलं. ह ला सर्वांत जास्त वेळ गेला. त्याच्या दोन वळणांपैकी वरचं कलतं आणि खालचं जवळपास उभं ठेवलं, तेव्हा कुठे तो शेजारच्या कान्यांशी जुळला.

पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे मूळ आकार ठेवलेत. हिंदीचे आकार हिंदी मजकुरापुरते, भाषेच्या टॅगवरून बदलतील. उलटं करणारे फॉन्ट पुष्कळ आहेत आणि मराठी वाचकाला ते रोज सोसावे लागतात.

२० डिसेंबर

हाताच्या वळणाचा प्रश्न. रोमनला ग्रिफोच्या काळातलं वळण आधाराला आहे. आपल्याला काय?

मोडी समोर होतीच. घरातलं एक जुनं खरेदीखत आणून भिंग लावून पाहिलं. मोडीत शिरोरेषा आधी सगळी ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात. पेंटरमामांनी पत्र्यावर केलं ते याच क्रमानं. मोडीचे आकार आजच्या वाचकाला वाचता येत नाहीत, म्हणून ते घेणं शक्य नाही. पण हात न उचलता लिहिताना रेघेचं काय होतं, ते घेता येतं. गाठी सैल होतात. न ची गाठ घट्ट न राहता एका झोक्यात वळते. म आणि भ मध्ये हेच.

ते घेतलं. उभ्या फॉन्टमध्ये न, म, भ यांची गाठ बंद आहे, तिरप्यात ती उघडी वळणाची रेघ झाली. लहान आकारात शाई साचून गाठ बुजायची, तो त्रासही गेला.

कान्याच्या पायाला उजवीकडे छोटी शेपटी काढून पाहिली, घाईनं लिहिताना येते तशी. एकट्या अक्षरात फार गोड दिसते. ‘गगनबावडा’ छापला आणि ओळभर गळासारखे आकडेच आकडे दिसायला लागले. शेपट्या काढल्या. पाय फक्त बोरूच्या काटासारखा किंचित तिरका छाटला. रुंदी उभ्यापेक्षा थोडी कमी केली, कारण अरुंद अक्षर वेगानं लिहिल्यासारखं वाटतं आणि उभ्या मजकुरात लगेच वेगळं ओळखू येतं.

३ जानेवारी २०२५

पहिला खरा वापर. ऊसावरच्या किडी आणि रोगांची शेतकऱ्यांसाठी पुस्तिका आहे. मजकूर आला, त्यात शास्त्रीय नावं देवनागरीत: सॅकॅरम ऑफिसिनॅरम म्हणजे ऊस, होलोट्रिकिया सेराटा म्हणजे हुमणी.

शास्त्रीय नाव तिरपं छापायचं हा जगभरचा रिवाज. रोमनमध्ये त्याला आणखी एक खूण असते, नावातल्या पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही. म्हणजे हे दोन शब्द मिळून एक नाव आहे, कुठं सुरू होतं, कुठं संपतं, हे सांगायचा सगळा भार तिरपेपणावर येतो. अवतरणचिन्ह घातलं तर ते कुणाचं तरी बोलणं वाटतं. ठळक केलं तर मथळा वाटतो, आणि पुस्तिकेत औषधांची मात्रा आधीच ठळक आहे.

मला वाटतं देवनागरी इटॅलिकची गरज इथं सिद्ध होते. सजावट म्हणून कुणी वापरू दे, पण हे काम दुसऱ्या कुठल्याच खुणेनं होत नाही.

लेआउटमध्ये दिसलं की १० पॉइंटाला ९ अंश पुरतात. त्याहून कमी केले तर तिरपं आणि उभं यांतला फरक खराब कागदावर हरवतो. १२ अंशांना जोडाक्षरं गर्दी करतात. ‘ऑफिसिनॅरम’ मधल्या दोन ऱ्हस्व वेलांट्या पुढच्या अक्षरावर नीट टेकतात का ते भिंगाखाली पाहिलं. फि ची टेकते, सि ची थोडी लांब पडते, दुरुस्त करायची. शिवाय ‘को ८६०३२’ सारखं वाणाचं नाव तिरपं करायचं नाही, ते उभंच. हे पुस्तिकेच्या संपादकांना आवर्जून कळवलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

१४ जानेवारी

संक्रांतीचा दिवस अँकरमध्ये गेला. अँकर म्हणजे अनुस्वार, रफार, मात्रा, उकार कुठे चिकटायचे ते बिंदू. गणिताप्रमाणे शिरोरेषेच्या वर २०० एककांवरचा अनुस्वार ३२ एककं उजवीकडे जातो. कागदावर मात्र तो त्याहून जास्त सुटलेला दिसतो, कारण टिंबाला स्वतःला कल नसतो, ते गोल आहे. ते थोडं मागे ओढलं. रफाराला उलट वागणूक, तो आणखी पुढे, नाहीतर ‘सर्व’ मध्ये तो व चा नसून स च्या मालकीचा वाटतो. ‘ऱ्हास’ आणि ‘दऱ्या’ मधला चंद्राकार र वेगळा तपासला.

तांत्रिक बाजू सहकाऱ्यानं लावली. फाइलमध्ये कलाचा कोन उणे ९ असा लिहावा लागतो, कारण उजवीकडचा कल उणे धरायची पद्धत आहे. टंकताना दिसणारी उभी लुकलुकती रेघही त्याच कलानं झुकावी म्हणून तिचा उतार १००० ला १५८ दिला. इटॅलिकची खूण फाइलमध्ये लावली की वर्डमधलं बटण यंत्राचा कल न देता आपली खरी फाइल उचलतं. ज्या बटणापासून सगळं सुरू झालं ते आता योग्य दारात जातं.

कल कमी-जास्त करता येणारा एकच फॉन्ट करावा, अशीही चर्चा झाली. मी नको म्हटलं. आपली पोटं आणि गाठी हातानं वेगळ्या काढल्यात. बंद गाठ आणि उघडी गाठ यांच्या अधलंमधलं रूप कुणी लिहीत नाही. उभा एक, तिरपा एक, दोन स्वतंत्र फाइली.

२८ जानेवारी

एका हौशी नाट्यसंस्थेची संहिता छापायला आली. नाटकात संवाद आणि रंगसूचना असे दोन आवाज. मराठी नाटकांत रंगसूचना बहुधा कंसात असते. एका ओळीची असेल तर कंस पुरतो. ‘(आत जातो)’ यात काही अडत नाही. पण अंकाच्या सुरुवातीची नेपथ्याची सूचना अर्धं पान चालते. कंस कुठे उघडला होता ते विसरायला होतं, वाचनाला बसलेला नवा नट सूचनाच संवादासारखी म्हणत सुटतो.

रंगसूचना तिरप्यात लावली, कंस ठेवले. वाचनाला मी स्वतः बसले होते. दिग्दर्शक म्हणाल्या, “आता पान लांबूनच कळतंय, बोलायचं कुठलं आणि करायचं कुठलं.” तिरपं अक्षर पाच-सहा ओळी सलग चालतं, त्याहून लांब गेलं की डोळा थकतो, हेही तिथंच दिसलं. नेपथ्याची सूचना दोन परिच्छेदांत तोडायला सुचवलं.

एक अडचण कंसाची. बंद होणारा कंस उभा ठेवला तर त्याच्या आधीच्या दीर्घ वेलांटीचं टोक त्याला जाऊन भिडतं. ‘तिकटी)’ असं लिहून पाहा. कंसही तिरप्या फॉन्टातलाच वापरायचा, आणि टी-कंस, ळी-कंस अशा जोड्यांना कर्निंग, म्हणजे दोघांमधलं अंतर, वेगळं द्यायचं.

९ फेब्रुवारी

फुटबॉलचा हंगाम. शाहू स्टेडियमवर सामने चालू आहेत, आणि पेठांमधल्या पोरांच्या जर्सीवर नाव मराठीत हवं असतं, तेही तिरपं. लक्ष्मीपुरीतल्या रेडियमवाल्या दादांकडे फाइल घेऊन गेले.

तिथं जे पाहिलं ते कुठल्याही फॉन्ट बनवणाऱ्यानं एकदा तरी पाहावं. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसवलेली असते. नाहीतर स्क्रीनवर दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढी फट दिसते. कागदावर किंवा स्क्रीनवर हे घुसणं कळत नाही, काळ्यावर काळं. कटिंग प्लॉटरची पाती मात्र बाह्यरेषेवरून चालते. शब्द जसाच्या तसा पाठवला तर ती प्रत्येक जोडावर शिरोरेषा आरपार कापते. मग शीट सोलताना नाव अक्षरा-अक्षरांत सुटं होतं.

दादांनी कोरल या चित्र आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द उघडला, कर्व्हमध्ये बदलला, सगळी अक्षरं निवडली आणि वेल्ड मारलं. जोडावरच्या आडव्यातिडव्या रेघा गेल्या, एकसंध बाह्यरेषा उरली. “वेल्ड मारल्याशिवाय मराठी कापतच न्हाई आम्ही,” ते म्हणाले. मग पाती चालली. र चा पाय, न चं उघडं वळण, सगळं एका तुकड्यात सोलून निघालं. उघड्या गाठीचा इथं दुसरा फायदा झाला. बंद गाठीचं आतलं टिकलीएवढं भोक चिमट्यानं काढत बसावं लागतं, ते वाचलं.

शिरोरेषेची टोकं कान्याला समांतर छाटलीत, तेही पाठीवर चांगलं दिसतं. शब्दाचं शेवटचं टोक पुढे झुकतं आणि नाव थांबल्यासारखं वाटत नाही. दादांना जाड मास्टर, म्हणजे ठळक अक्षराचा मूळ साचा, हवाय, स्टँडवरून वाचता यावं म्हणून. रास्त मागणी आहे.

फॉन्टसोबत एक पानाची सूचना द्यायची ठरली: प्लॉटर, रेडियम, जर्सीसाठी वेल्ड कसं करायचं.

२१ फेब्रुवारी

वेबची चाचणी. तिरपी फाइल वेबसाइटवर जोडताना ती इटॅलिक आहे असं स्टाइलशीटमध्ये सांगावं लागतं. न सांगता जोडून काय होतं ते मुद्दाम करून पाहिलं. ब्राउझर तिला उभी समजतो आणि स्वतःचा कल वर चढवतो. ब्राउझरचा ठरलेला कल १४ अंशांचा, त्यात आपले ९, मिळून अक्षर २२ अंशांच्या आसपास झोपतं. ‘गगनबावडा’ पार आडवा. वेबसाठीच्या सूचनेत हे पहिलंच वाक्य असेल, आणि फॉन्ट-सिंथेसिस, म्हणजे ब्राउझरचं हे आपोआप कलवणं, बंद कसं करायचं तेही.

स्वस्त मोबाइलवर लहान आकारात कलत्या कान्याला दातरे दिसतात. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: स्क्रीनवर तिरपं जरा मोठं वापरा आणि थोडं वापरा.

४ मार्च

हलका, साधा आणि मध्यम, तिन्ही तिरपे पूर्ण झाले. पुस्तिका छापून आली, शास्त्रीय नावं वाचता येतात. सि ची वेलांटी बरोबर टेकली. चाचणी फाइली नाट्यसंस्थेला, रेडियमवाल्या दादांना आणि पेंटरमामांच्या मुलाला दिल्या. तो आता फ्लेक्स डिझाइन करतो, आणि वडिलांच्या पत्र्यावरच्या अक्षरांचे फोटो त्यानं जपून ठेवलेत. ते ह आणि छ साठी मागून घेतलेत. मुक्त परवान्याखालीच द्यायचं, यावर तिघांचं एकमत आहे.

जाड मास्टर कालपासून सुरू. काना १७० एककांवर गेला की त्याचा कल डोळ्याला जास्त वाटतो, आणि ट, ठ ची मान इतकी आखूड होते की तिच्यात कल दाखवायला जागाच उरत नाही. दोन प्रूफ काढलेत, एक ९ अंशांचा, एक ८ चा. माझा कौल ८ ला आहे, पण मग मध्यम आणि जाड शेजारी आले तर काने समांतर राहणार नाहीत. उद्या दोन्ही कागद पेंटरमामांपुढे ठेवते. छ चे तीन आकार अजून बाकी आहेत.